अभ्यासिकेचे आठ कॉम्प्युटर, विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर: प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

नागपुरात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर जी अभ्यासिका आहे तिथले सगळे कॉम्प्युटर आज उघडून पाहिले. आठ आहेत. सहा इंटेलच्या आय-५ प्रोसेसरचे, चौथ्या जनरेशनचे, बँकेच्या लिलावातून आलेले, आणि दोन आय-३ सहाव्या जनरेशनचे, एका ताईंनी ऑफिस बंद केलं तेव्हा दान दिलेले. सगळ्यांत ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी फिरती हार्डडिस्क. आतमध्ये धूळ, तीही साधी नाही, उन्हाळाभर कूलरच्या ओल्या हवेत बसलेली आणि मग वाळून फॅनच्या पात्यांना चिकटलेली, ब्लोअरने हललीच नाही, ब्रशने खरडून काढावी लागली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तुकडे पडून राहिले होते. नवीन लावली तर फॅनचा आवाज निम्म्यावर आला.

हे सगळं करायचं कारण म्हणजे कमिटीच्या बैठकीत निघालेला विषय. स्क्रीनवर दिसून राहिलं की १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० चा सपोर्ट संपणार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद, तर एका दादांचं म्हणणं पडलं की भंगारात देऊन टाका, नवीन घ्या, वर्गणी काढू. आठ नव्या मशीनचा खर्च म्हणजे आपल्या अभ्यासिकेचा कित्येक वर्षांचा पुस्तकांचा पैसा. त्यावर किल्ली सांभाळणारे काका म्हणाले, "काहून फेकता भाऊ, चालून तर राहिले ना?" मला ह्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचंय, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं आणि म्हणून ह्या नोंदी ठेवतोय, उद्या कोणी विचारलं की हे असं का केलं तर कागदावर असावं.

इथे एमपीएससी, पोलीस भरती, रेल्वे, बँक असल्या परीक्षांची पोरंपोरी बसतात. कॉम्प्युटर लागतो फॉर्म भरायला, हॉलतिकीट काढायला, टेस्ट सिरीज द्यायला, यूट्यूबवर लेक्चर पाहायला आणि थोडंफार टायपिंगला. बस. एवढ्या कामाला चौथ्या जनरेशनचा आय-५ कमी पडतो असं कोणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पर्याय काय काय आहेत ते आज कमिटीसमोर मांडले.

पहिला पर्याय विंडोज ११. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं आणि त्याच्या अटी आहेत टीपीएम २.० चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टीम चालू देणारी सोय) आणि इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. आठवी जनरेशन आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला दुकानात नवाकोरा विकला गेलेला सातव्या जनरेशनचा कॉम्प्युटर चार वर्षांत नापास, थोडेसे अपवाद सोडले तर सगळेच. आपले तर त्याहून जुने. टीपीएम ही वाईट गोष्ट आहे असं मी म्हणत नाही, डिस्क एन्क्रिप्शनच्या किल्ल्या वेगळ्या चिपमध्ये ठेवणं हे चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर कामी येतं. पण ज्याच्याकडे ती चिप नाही त्याला "हे फीचर मिळणार नाही" सांगणं वेगळं आणि अख्खी सिस्टीमच मिळणार नाही सांगणं वेगळं.

दुसरा पर्याय जुगाड करून विंडोज ११ टाकायचं. चेक बायपास होतो, टूल आहेत, आपल्या प्रोसेसरवर चालेल पण. घरच्या मशीनवर कोणाला करायचं असेल तर करावं. पण मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच ह्याची हमी नाही, आणि जिथे पोरं आधार आणि बँकेची माहिती टाकतात तिथे हमी नसलेली गोष्ट मी लावणार नाही.

तिसरा पर्याय एक वर्षाची मुदतवाढ, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर द्या, नाहीतर रिवॉर्डचे १००० पॉइंट द्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवा मग फुकट. अभ्यासिकेचा कॉम्प्युटर कोणा एकाचा नाही, अकाउंट कोणाच्या नावाने काढायचं? आणि वर्षभराने पुन्हा हीच बैठक.

चौथा लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट, मुक्त सिस्टीम. त्यात लिनक्स मिंट, आवृत्ती २२.२, ह्याच महिन्यात आली, उबुंटू ह्या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. पैसे शून्य. कमिटीने हो म्हटलं, पण एक अट घातली की आधी एका मशीनवर करून दाखव आणि पोरांना वापरू दे. अट रास्त आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

काल बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क) आणल्या, २५६ जीबीच्या, आणि जुन्या मशीनमधून निघालेल्या डीडीआर-३ रॅमच्या पट्ट्या. माझं मत स्पष्ट आहे, जुना कॉम्प्युटर स्लो वाटतो तो दहापैकी नऊ वेळा फिरत्या हार्डडिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नाही. एसएसडी टाकली की तोच कॉम्प्युटर वेगळा वाटतो, मग त्यात विंडोज असो की लिनक्स.

मिंटची एक्सएफसीई आवृत्ती निवडली, हलक्या डेस्कटॉपची. दुसरी, सिनॅमन, दिसायला जास्त छान आहे पण ४ जीबीवर ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की जीव जातो, आणि सगळ्यांची रॅम वाढवायला पैसे नव्हते म्हणून जिथे ८ झाली तिथेही एक्सएफसीईच ठेवली, म्हणजे आठही मशीन सारख्या दिसतील, आज ह्या खुर्चीवर बसलेला उद्या त्या खुर्चीवर गोंधळणार नाही.

पेनड्राइव्हवरून आधी लाइव्ह चालवून पाहिलं, काही इन्स्टॉल न करता. आवाज, वायफाय डोंगल, वेबकॅम सगळं पहिल्या झटक्यात. पूर्वी वायफायसाठी ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, शोधत रात्र जायची, ते दिवस गेले.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचा पूर्ण दिवस मराठी टायपिंगवर गेला आणि तो जायलाच पाहिजे होता, कारण लिनक्स लावणारे लोक इथेच निष्काळजीपणा करतात, इंग्रजीत सगळं चालतंय ना मग झालं असं धरून चालतात.

अभ्यासिकेत तीन प्रकारची माणसं आहेत. एक, मोबाइलवर लिहितात तसं इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिणारी. दोन, इनस्क्रिप्टवाली, म्हणजे सरकारी प्रमाण कीबोर्डवर लिहिणारी, फार थोडी. तीन, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली, ज्यांची बोटं रेमिंग्टनवर, जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसलेली आहेत. आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकलं की ह्या तिन्ही सोयी मराठीत मिळतात, इनस्क्रिप्ट आहे, रेमिंग्टन आहे, इंग्रजी अक्षरांनी लिहायला मिंग्लिश आणि गमभन पण आहेत. हे कोणीतरी पगार न घेता बसून बनवलंय आणि इतकी वर्षं सांभाळलंय, त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

मग ताई आल्या, लायब्ररीचं रजिस्टर बघणाऱ्या, त्यांच्याकडे दहा वर्षांच्या नोटीस आणि पुस्तकांच्या याद्या आहेत जुन्या फॉन्टमध्ये. त्या फाइल लिनक्सवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. कारण त्या फॉन्टमध्ये मराठी साठवलेलीच नव्हती, साठवली होती इंग्रजी अक्षरं, फक्त त्यांच्यावर चित्र मराठीचं होतं, फॉन्ट गेला की मराठी गेली. हे विंडोजचं किंवा लिनक्सचं भांडण नाही, युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी जागतिक पद्धत, वेळेवर न स्वीकारल्याचं हे फळ आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी कार्यालयांत आजही असाच मजकूर तयार होऊन राहिलाय. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण असा मजकूर शोधता येत नाही, अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही.

कन्व्हर्टरने याद्या युनिकोडमध्ये आणल्या. बाकी सगळं ठीक, पण "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "तऱ्हा" सगळीकडे रफार होऊन "दुसर्या", "वार्यावर" झालं. शोधा-बदला करून जमेल तेवढं सुधारलं, उरलेलं ताईंनी हाताने केलं. त्यांना इनस्क्रिप्टवर दाखवलं की शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई, झालं "ऱ्या". त्यांनी ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

अशोक विजयादशमी. काम बंद. दीक्षाभूमीवर आलेली बाहेरगावची मंडळी अभ्यासिकेत मुक्कामाला आहेत, मशीन चादरीखाली झाकून ठेवल्या. परभणीकडच्या एका पोराने चादर उचलून विचारलं की हे कोणतं विंडोज, त्याला दाखवलं, त्याच्या गावातल्या वाचनालयात पण असेच चार पडून आहेत म्हणे. त्याला पेनड्राइव्ह करून दिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिंटर.

नाव घेत नाही, पण तो छोटा पांढरा लेझर प्रिंटर, गल्लीबोळातल्या झेरॉक्सवाल्याकडे वर्षानुवर्षं चालतो, कार्ट्रिज रिफिल करून करून, मरतच नाही. आपल्याकडे तोच आहे. त्याची अडचण अशी की तो स्वतः काही समजत नाही, पोस्टस्क्रिप्ट नाही, दुसरी कुठली सर्वमान्य भाषा नाही, कॉम्प्युटरने पानाचं चित्र तयार करून कंपनीच्या स्वतःच्या गुपित पद्धतीने दाबून पाठवायचं तेव्हा तो छापतो. ती पद्धत कंपनीने कधी जाहीर केली नाही. लिनक्ससाठी त्यांनी एक ड्रायव्हर दिला होता, तो ३२ बिटच्या जमान्यातला, त्याला आजच्या सिस्टीमवर बसवायचं म्हणजे जुन्या लायब्ररींची माळ लावावी लागते.

मग काही लोकांनी काय केलं, तर विंडोजवरून प्रिंट देताना यूएसबी केबलमधून काय काय जातं ते नोंदवून घेतलं, त्यावरून ती पद्धत उलगडली आणि स्वतःचा मुक्त ड्रायव्हर लिहिला, मुक्त म्हणजे ज्याचा सोर्स, प्रोग्रामचा मूळ कोड, कोणालाही वाचता-बदलता येतो. आपण तोच सोर्सवरून बांधून घेतला. पहिलं पान आलं, दुसऱ्या पानावर अडला, लाल दिवा. नवीन सोर्स घेऊन पुन्हा बांधला, लिनक्सवर प्रिंटिंग सांभाळणारी कप्सची सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि मग वीस पानांची प्रश्नपत्रिका सलग आली. पानापानात विंडोजपेक्षा जास्त थांबतो, पण अडत नाही. आता हा एका मशीनला जोडलाय आणि बाकीच्यांवरून नेटवर्कवरून प्रिंट जाते.

मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळ सुद्धा एका लेझर प्रिंटरवरून पेटली हे मी पोरांना आवर्जून सांगितलं. १९८० च्या आसपास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्स कंपनीचा प्रिंटर आला, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमनला करायची होती, सोर्स मागितला तर मिळाला नाही, आणि १९८३ मध्ये त्याने पूर्ण मुक्त सिस्टीम बनवायचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. पंचेचाळीस वर्षं होत आली आणि नागपुरात आपण अजून प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठीच बसलोय. एक साधा नियम सरकारने करावा असं मला वाटतं, विकलेल्या यंत्राचा सपोर्ट बंद करायचा असेल तर त्याच्याशी बोलायची पद्धत जाहीर करून मग बंद करा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज १० संपलं. आमच्या वस्तीत ही तारीख वेगळ्याच गोष्टीसाठी सगळ्यांना पाठ आहे, १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेबांनी इथे दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली ती हीच तारीख, त्यामुळे खाली विहारात वंदना होती आणि वर आम्ही शेवटची मशीन करत होतो.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. तेव्हा कंपनीच्याच एका माणसाने परिषदेत म्हटलं होतं की हे शेवटचं विंडोज, आता पुढे ह्यालाच अपडेट येत राहणार. लोकांनी ते खरं धरलं. दहा वर्षं सपोर्ट दिला ही गोष्ट मी कमी लेखत नाही, स्वस्त मोबाइलला तीन वर्षं पण नीट मिळत नाहीत. एक्सपी गेलं एप्रिल २०१४ मध्ये, सेव्हन गेलं जानेवारी २०२० मध्ये, पण तेव्हा पुढची आवृत्ती त्याच मशीनवर बहुतेकांना टाकता येत होती. ह्या वेळी फरक हा आहे की मशीन धडधाकट, काम सगळं होतंय, आणि पुढचा दरवाजा प्रोसेसरची यादी पाहून बंद.

लिनक्सवाले सुद्धा कायम जुनं सांभाळत नाहीत हे पण लिहून ठेवतो. डेबियन ह्या जुन्या लिनक्सने ऑगस्टमध्ये आवृत्ती १३ काढली त्यात ३२ बिट कॉम्प्युटरसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. पण ते प्रोसेसर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे, आणि ज्याला हवं त्याला सोर्स घेऊन स्वतः चालवायला कोणी अडवलेलं नाही. आपल्या हातात काय उरतं, हाच मुद्दा आहे माझा.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीनंतर पुन्हा गर्दी. एका पोराने विचारलं की दादा, आता सगळे झोहोवर, त्या भारतीय कंपनीच्या ईमेल आणि ऑफिसवर, चालले, मंत्री पण गेले, मग आपण लिनक्स कशाला, स्वदेशी घ्या ना. प्रश्न चांगला आहे, त्यावर बराच वेळ बोलणं झालं.

जुलैमध्ये काय झालं ते आठवा, गुजरातेत वाडीनारला रिफायनरी असलेली नायरा एनर्जी, तिच्यावर युरोपियन युनियनने निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने त्यांची ईमेल आणि बाकी सेवा थांबवली, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सेवा परत सुरू झाली. पैसे भरलेले ग्राहक होते. भारतात बसून, भारतातला धंदा करून, तिसऱ्याच ठिकाणच्या निर्णयाने ईमेल बंद. ह्यानंतर देशी पर्यायाची मागणी वाढणं साहजिक आहे आणि झोहोने तमिळनाडूतल्या तेनकासीसारख्या भागात ऑफिस उभं करून जे काम केलं त्याचं मला कौतुकच आहे. पण देशी असणं आणि मुक्त असणं ह्या दोन गोष्टी एक नाहीत. सोर्स बंद, डेटा त्यांच्या सर्व्हरवर, तर घरमालक बदलला, आपण भाडेकरूच. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य तीस हजारांच्या आसपास कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या मुक्त पर्यायावर, नेऊन राहिलंय. एवढ्या लांब कशाला, केरळने शाळांमध्ये हे कितीतरी आधी केलं, तिथली सरकारी शाळेतली पोरं लिनक्सवरच शिकतात. महाराष्ट्रात आपण कॉम्प्युटर शिकणं म्हणजे विंडोज आणि ऑफिस शिकणं असंच धरलं, म्हणून आज मेनू जरा वेगळा दिसला की पोरं घाबरतात. हुशारी कमी नाही त्यांची, शिकवलंच तसं.

९ नोव्हेंबर, रविवार

वापरणाऱ्यांच्या तक्रारी. सगळ्यात जास्त मागणी आलेली गोष्ट लिब्रेऑफिस नाही, फोटोशॉप नाही, तर फोटो लहान करणं. भरतीच्या फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, एक केबी जास्त झाला की साइट नाही म्हणते. मग पोरं आपला फोटो आणि सही कुठल्यातरी अनोळखी फुकट साइटवर चढवतात आणि बारीक करून घेतात. सही! हे थांबवायचं होतं.

एक्सएफसीईच्या फाइल मॅनेजरमध्ये, थुनारमध्ये, राइट क्लिकच्या मेनूत स्वतःची कामं जोडता येतात. त्यात इमेजमॅजिक ह्या फोटो बदलणाऱ्या मुक्त प्रोग्रामची एका ओळीची कमांड टाकली, आता फाइलवर राइट क्लिक केलं की मराठीतच दिसतं, "फोटो ५० केबी", "सही २० केबी", "पीडीएफ जोडा". क्लिक, आणि शेजारी नवी फाइल तयार. इंटरनेट लागत नाही. पोलीस भरतीवाल्या एका मुलीने करून पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच होतं का हो दादा, मी सायबर कॅफेत तीस रुपये देऊन राहिले होते." माझ्या मते ह्या अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं.

गेस्ट सेशन, म्हणजे पाहुण्याचं तात्पुरतं खातं, पण चालू केलं. लॉगआउट केलं की आधार, मार्कशीट, पासवर्ड, जे काही डाउनलोड केलं होतं ते सगळं पुसलं जातं. पूर्वी डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शंभर जणांची आधारकार्डं पडलेली असायची. पुढचा येणारा ती बघू शकत होता, आणि हे नागपुरातल्या कितीतरी कॅफेत आजही तसंच आहे.

७ डिसेंबर, रविवार

उरलेल्या मशीनची रॅम वाढवायला काल पुन्हा बर्डीवर गेलो. विधिमंडळाचं अधिवेशन उद्यापासून आहे त्यामुळे सिव्हिल लाइन्सकडून रस्ते आतापासूनच अडवलेले. दुकानदार म्हणाला भाव विचारू नका, सकाळचा संध्याकाळी राहत नाही. खरंय. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि तिघींनाही आता एआयच्या डेटा सेंटरला लागणारी महागडी मेमरी बनवण्यात जास्त पैसा दिसतो. मायक्रॉनने ३ तारखेला जाहीरच केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करणार, फेब्रुवारीपर्यंत माल देऊ मग नाही. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरची रॅम महाग का, तर चॅटबॉट चालवायला.

एआय वाईट म्हणत नाही मी, पोरं त्यातून इंग्रजी उतारे समजून घेतात, फायदा होतोच. पण एकाच वेळी उद्योग म्हणतो की तुमचा जुना कॉम्प्युटर टाका, आणि नव्याची रॅम पण परवडणार नाही अशी करून ठेवतो, आणि त्या नव्या मशीनवर दर काही सेकंदांनी स्क्रीनचं चित्र साठवून ठेवणारं मायक्रोसॉफ्टच्या रिकॉलसारखं फीचर आणतो. २०२४ मध्ये ते जाहीर झाल्यावर इतकी ओरड झाली की मागे घेऊन सुधारून २०२५ मध्ये आणावं लागलं. आमच्या अभ्यासिकेतल्या कोणीही हे मागितलेलं नाही. त्यांनी मागितलं ५० केबीचा फोटो आणि न अडणारा प्रिंटर.

सेकंडहँड डीडीआर-३ च्या पट्ट्या मिळाल्या, त्याही वाढीव भावाने. दोन मशीन ४ जीबीवरच राहतील. त्यांच्यात झेडरॅम, म्हणजे रॅममधली माहिती दाबून जागा करणारी सोय, चालू केलं, चार-पाच टॅबपर्यंत काही त्रास नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

आजपासून मशीन कमिटीच्या ताब्यात. स्थिती अशी: सात मिंटवर, एक विंडोज १० वर, इंटरनेट काढून. ती ठेवली कारण टायपिंगच्या परीक्षेचं सरावाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडलं पण टायमर आणि फॉन्ट दोन्ही बिघडतात, आणि परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला मी तत्त्वासाठी अडवणार नाही. पेनड्राइव्ह आधी मिंटच्या मशीनवर तपासायचा आणि मगच तिकडे लावायचा असं ठरलं.

टाइमशिफ्ट हे टूल आठवड्याला सिस्टीमचा एक स्नॅपशॉट घेतं, काही बिघडलं तर परत मागे जाता येईल. अपडेट दर रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आधी. हे दोन पोरींना शिकवून ठेवलंय, दोघींनी एकेक मशीन पुसून पहिल्यापासून बसवून दाखवली, प्रिंटरसकट. ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडे आणि ताईंकडे, बंद पाकिटात काकांच्या कपाटात.

शेजारच्या वस्तीतल्या वाचनालयातून फोन आला होता, त्यांच्याकडे पाच आहेत. त्यांना सांगितलं की मशीनचं नंतर बघू, आधी प्रिंटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा.